दिव्याच्या रंगाला किती भुलावे?



गेल्या महिन्यात आमचे ठाण्यास जाणे झाले. आमचा पुतण्या नोकरीनिमित्त मानपाड्यास राहतो. आपल्या भागातली किती तरी पोरे आज ठाणे, कल्याण, डोंबिवलीकडे पोटापाण्याला गेलेली आहेत, त्यातलाच तो एक. पुण्याहून गाडीने कल्याणास उतरलो, रिक्षावाल्यास "मानपाडा" एवढेच सांगितले आणि निवांत बसलो. रिक्षा शीळ रस्त्याने जाऊन एका चौकात थांबली. पुतण्यास फोन लावला तर तो हसायलाच लागला. "तात्या, तुम्ही डोंबिवलीच्या मानपाड्यात उभे आहात. आपला मानपाडा ठाण्याचा, घोडबंदर रस्त्यावरचा!" नाव एकच, ठिकाणे दोन, आणि मधे भाड्याचा भुर्दंड. चूक रिक्षावाल्याची नव्हे, आमचीच. कोणता मानपाडा, हे आम्ही सांगितले नाही आणि त्यानेही विचारले नाही.

अंधार पडल्यावर घरी पोहोचलो. समोरच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर एका गॅलरीत जांभळा-गुलाबी उजेड पडलेला. आम्हास वाटले, काही मंगलकार्य असावे. सूनबाई म्हणाल्या, "नाही हो तात्या, त्या बाईंनी कुंड्यांत पुदिना नि कोथिंबीर लावलीय. ऊन येत नाही म्हणून झाडांसाठी दिवा लावतात. लाल नि निळे एलईडी असतात त्यात." आम्ही गॅलरीत उभे राहून बराच वेळ तो उजेड पाहत होतो. आपल्याकडे विजेअभावी रात्री-बेरात्री मोटर चालू करायला उठावे लागते आणि इथे कोथिंबिरीला रात्री दिवा! पण थट्टा बाजूला ठेवली, कारण ती कोथिंबीर खरोखरच बरी दिसत होती.

ही हकीकत सांगण्याचे कारण असे की, परत आल्यावर चारच दिवसांत एक सभासद शेतकी ऑफिसात एक छापील पत्रक घेऊन आले. कोणी फिरता विक्रेता ते गावात वाटून गेला होता. 'खास लाल-निळ्या एलईडी दिव्यांखाली वाढवलेली उसाची टिश्यू रोपे, एकरी टनेजमध्ये हमखास वाढ', आणि दर नेहमीच्या टिश्यू रोपापेक्षा चढा. सभासदाचा प्रश्न सरळ होता: "हे खरं हाय का? घ्यावीत का रोपं?" त्यानंतर आणखी तिघा-चौघांनी तोच प्रश्न विचारला. चार लोक विचारतात म्हणजे चाळीसजण मनात ठेवून बसलेले असतात. म्हणून आमचे मत येथे मांडीत आहोत.

थोडक्यात उत्तर आधीच देतो. दिव्याच्या रंगाचा रोपावर परिणाम होतो, हे खरे आहे. पण तो परिणाम बाटलीतल्या रोपावर होतो, तुमच्या रानातल्या टनेजवर नव्हे. या दोहोंत जे अंतर आहे, तेवढेच पैसे तो विक्रेता तुमच्या खिशातून काढू पाहत आहे.

आता हे जरा फोड करून पाहू.

टिश्यू कल्चर, म्हणजे ऊतीसंवर्धन, यात निरोगी उसाच्या शेंड्यातला अगदी बारीक कोंब काढतात, निर्जंतुक करतात आणि बाटलीत वाढवतात. बाटलीत माती नसते. असते ते खिरीसारखे घट्ट झालेले पोषणद्रव्य. त्यात खताची क्षार, जीवनसत्त्वे, वाढीची संप्रेरके आणि साखर. होय, साखर! लिटरला साधारण ३० ग्रॅम. पुष्कळ व्यापारी प्रयोगशाळा त्यासाठी बाजारातली साधी पांढरी साखरच वापरतात. म्हणजे आपल्या गव्हाणीत पडलेल्या उसाची साखर, बाटलीतल्या उसाच्या पोराला आईच्या दुधासारखी पाजली जाते. उसाच्या पेशी अशा बाटलीत वाढवण्याचे काम हवाईमध्ये निकेल यांनी १९६४ साली केले आणि तिथेच १९६९ च्या सुमारास हाइन्झ आणि मी या दोघा शास्त्रज्ञांनी तशा पेशींपासून पुन्हा पूर्ण रोप उभे केले. आपल्याकडे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने या शास्त्रात मोठे काम केले. १९९० साली तिथल्या नाडगौडा, पाराशरामी आणि मास्करेन्हस यांनी बांबूच्या इवल्या रोपाला बाटलीतच फुलोरा आणून दाखवला, तेव्हा त्याची दखल साऱ्या जगाने घेतली. जो बांबू फुलायला कित्येक दशके घेतो, तो बाटलीतल्या द्रव्यांच्या हुकमाने काही महिन्यांत फुलला. यावरून एवढे ध्यानात घ्यावे की, बाटलीतली परिस्थिती बदलली की रोपाचे वागणे बदलते.

मग उजेडाचे काय? रानातला ऊस उन्हावर जगतो. ऊन हेच त्याचे अन्न शिजवण्याचे इंधन. बाटलीतल्या रोपाची गोष्ट निराळी. त्याला अन्न साखरेतून आयते मिळते. वाढीच्या खोलीत तापमान २५ अंशांच्या आसपास ठेवतात, दिवसाचे १६ तास दिवे लावतात आणि ८ तास अंधार. मांडणीवर उजेड असतो दोन ते तीन हजार लक्स. आपल्या रानात उन्हाळ्यात भर दुपारी लाखभर लक्स पडतो. म्हणजे बाटलीतल्या रोपाला उन्हाचा तीस-चाळिसावा हिस्साही मिळत नाही. एवढ्याशा उजेडावर पोट भरत नाही, ते साखरेनेच भरते.

तरीही दिवा लागतोच. का? कारण वनस्पतीला उजेड हा नुसता घास नाही, निरोपही आहे. उजेड आला की पान कसे उघडावे, खोड किती ताणावे, फुटवा काढावा की आवरून धरावा, हे सारे ती त्यावरून ठरवते. आणि हा निरोप रंगाच्या भाषेत येतो.

ही गोष्ट तुम्हास शिकवण्याची गरज नाही. बांधावरच्या आंब्याखालचा ऊस पाहा. उंच, किडमिडा, पिवळसर आणि फुटवे जवळजवळ नाहीत. आपण म्हणतो, "सावलीनं खाल्ला." अन्न कमी पडले हे तर खरेच, पण त्यात आणखी एक गोम आहे. पान उन्हातला तांबडा रंग शोषून घेते आणि तांबड्याच्या पलीकडचा, आपल्या डोळ्यास जेमतेम दिसणारा अतितांबडा रंग खाली सोडून देते. खालच्या डोळ्याला तांबडा कमी आणि अतितांबडा जास्त मिळाला की त्याला निरोप पोहोचतो: "वर शेजाऱ्यांची गर्दी आहे. फुटू नकोस, उंच हो." दाट लागणीत सरी झाकली की फुटवे का थांबतात आणि पट्टा पद्धतीत, रुंद सरीत फुटवे जोमाने का येतात, याचे एक कारण हे आहे.

तुऱ्याचेही तसेच. पावसाळ्याच्या उत्तरार्धात दिवस लहान होत होत साडेबारा तासांच्या आसपास आला की उसाला निरोप मिळतो आणि पुढे तुरा दिसतो. तुरा येऊन टनेज आणि उतारा गेल्याचे दुःख आपल्यातल्या पुष्कळांनी सोसलेले आहे. हाच तुरा आंबोलीच्या घाटात चांगला येतो, म्हणून वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटने नव्या जातींच्या संकराचे केंद्र तिथे ठेवले. एकाला जो तोटा, तो दुसऱ्याला उपयोग.

तांबड्या-अतितांबड्याचा हा खेळ अमेरिकेच्या शेती खात्यातल्या बॉर्थविक, हेंड्रिक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ साली लेट्यूसच्या बियांवर उघड केला. तांबडा उजेड दाखवला की बी रुजायचे, लगेच अतितांबडा दाखवला की थांबायचे, पुन्हा तांबडा दाखवला की पुन्हा रुजायचे. शेवटचा रंग जो, त्याचे बी ऐकायचे. निळ्या रंगाचा निरोप घेणारी यंत्रणा वेगळी आहे. तिच्यातल्या एका महत्त्वाच्या प्रथिनाचा माग १९९३ साली लागला. निळा उजेड सांगतो: "आखूड हो, मजबूत हो, पानाची छिद्रे उघड."

इथे एलईडीचा प्रवेश होतो. पूर्वी सर्व टिश्यू कल्चर प्रयोगशाळांत पांढऱ्या ट्यूबा असत, अजूनही पुष्कळ ठिकाणी आहेत. ट्यूबचा उजेड माणसाच्या डोळ्याला बरा दिसावा म्हणून तयार केलेला. त्यात हिरवट-पिवळा हिस्सा बराच, जो पान सर्वांत कमी शोषते. पानातले हरितद्रव्य मुख्यतः निळा आणि तांबडा घेते, म्हणून तर पान आपल्याला हिरवे दिसते. एलईडीची मौज अशी की, एक दिवा एकाच रंगाचा करता येतो. तांबडा दिवा १९६२ सालापासून होता, पण चांगला प्रखर निळा दिवा १९९३ साली जपानात नाकामुरा यांनी बनवला. त्या शोधासाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. निळा मिळाला आणि मग तांबडा-निळा हव्या त्या प्रमाणात मिसळण्याची सोय झाली. मानपाड्याच्या गॅलरीतला तो जांभळा उजेड म्हणजे हेच मिश्रण.

रंग बदलून काय घडते, हे जगभर पुष्कळ पिकांवर पाहिले गेले आहे. ब्राझीलमध्ये उसाच्या बाटलीतल्या रोपांवरही पाहिले गेले. ढोबळ निष्कर्ष असे. नुसत्या तांबड्या उजेडात रोप ताणते, लांब आणि लुकडे होते. नुसत्या निळ्यात ते आखूड आणि गच्च राहते, पानात हिरवेपणा चांगला भरतो. दोन्हींच्या मिश्रणात बहुतेक वेळा रोप दणकट होते. पण कोणते प्रमाण कोणत्या जातीला मानवेल याचा एकच नियम नाही. एका जातीला जे चालते ते दुसरीला चालेलच असे नाही. संप्रेरकांचे प्रमाण बदलले तरी गणित बदलते. म्हणजे को ८६०३२ ला जुळलेला दिवा फुले २६५ ला तसाच जुळेल, असे कोणी ठामपणे सांगत असेल तर त्यास आधी दोन्हींवरचा प्रयोग दाखवायला सांगावे.

दणकट रोपाचा फायदा कुठे, तर बाटलीबाहेर येताना. बाटलीत हवा पूर्ण दमट. त्यामुळे रोपाच्या पानावर मेणाचा थर नीट बसत नाही, पानाची छिद्रे नीट मिटत नाहीत. बाहेरची कोरडी हवा लागली की लाडात वाढलेले पोर उन्हात उभे केल्यासारखे ते मान टाकते. म्हणून आधी हरितगृहात, मग शेडनेटखाली मिळून सहा ते आठ आठवडे त्याला सवय लावतात. चांगल्या उजेडात वाढलेली रोपे या पायरीवर कमी मरावीत, ही अपेक्षा रास्त आहे. पण लक्षात घ्या, तो फायदा रोपवाटिकेचा आहे. तुमच्या हाती जे रोप येते ते तगून आलेलेच असते. जे मेले ते त्यांच्याकडे मेले.

दुसरा फायदा विजेचा, आणि आमच्या मते खरा मोठा फायदा हाच. ट्यूब वीज जास्त खाते, तिचा चोक तापतो, ती उष्णता बंद खोलीत साठते आणि खोली २५ अंशांवर ठेवण्यासाठी वातानुकूलन यंत्राला पुन्हा वीज लागते. म्हणजे एकाच उजेडाची वीज दोनदा. एलईडी कमी वीज घेतो, कमी तापतो, बाटलीच्या जवळ बसवता येतो आणि ट्यूबच्या कैक पट जास्त दिवस टिकतो. दिवसाला १६ तास, वर्षाचे ३६५ दिवस दिवे जळणाऱ्या धंद्यात ही बचत लहान नाही.

आता सरळ विचार करा. ज्या वस्तूने बनवणाऱ्याचा खर्च कमी होतो, त्या वस्तूपायी घेणाऱ्याने दर जास्त का द्यावा? एलईडीच्या रोपाचा दर उतरायला हवा, चढायला नव्हे. दिवे बसवण्याचा पहिला खर्च मोठा असतो हे आम्ही जाणतो, तो काही वर्षांत फिटावा हेही रास्त. पण त्याला 'टनेज वाढ' असे नाव देऊन शेतकऱ्याच्या माथी मारणे रास्त नाही.

आणि टनेज? टनेज ठरते ते जातीने, बेण्याच्या निरोगीपणाने, जमिनीने, पाण्याने, खताने आणि तुमच्या कष्टाने. बाटलीत काही महिने मिळालेला निळा-तांबडा उजेड बारा-अठरा महिन्यांच्या उसाला आठवत बसत नाही. रोप रानात आले, त्याच्यावर लाख लक्सचे ऊन पडले, की दिव्याचा हिशेब संपला. जात बदलण्याची ताकद दिव्यात नाही. रोग काढण्याची तर नाहीच नाही. गवताळ वाढीचे रोप निळ्या दिव्याखाली ठेवले तर ते निळ्या दिव्याखालचे गवताळ वाढीचे रोप होते, दुसरे काही नाही.

टिश्यूच्या रोपाचे खरे मोल रोगमुक्तीत आणि जातीच्या शुद्धतेत आहे. काणी, गवताळ वाढ यांसारखे रोग बेण्यातून पसरतात. त्यासाठी मूलभूत बेण्यास बाष्पयुक्त उष्ण हवेत ५४ अंश सेल्सिअसला १५० मिनिटे ठेवण्याची पद्धत आपल्याकडे रुळलेली आहे. पण मोझॅकसारखा विषाणू उष्णतेने खात्रीने जात नाही, त्यासाठी शेंड्यातला अगदी बारीक कोंब घेऊन वाढवणे हा चांगला मार्ग. त्यात धोकाही आहे. तोच कोंब बाटलीतून बाटलीत फार वेळा फिरवला किंवा संप्रेरकांचा अतिरेक केला तर काही रोपे मूळ जातीपासून बिघडतात. बाटलीत ते दिसत नाही, रानात दिसते, तेव्हा वर्ष गेलेले असते. म्हणून प्रश्न विचारायचा तो दिव्याबद्दल नव्हे, मातृवृक्षासारख्या त्या मूळ उसाबद्दल आणि तपासणीबद्दल.

पैशाचा हिशेबही करून पाहू. पाच फूट सरी आणि दोन फुटांवर रोप धरले तर एका रोपाला दहा चौरस फूट. गुंठ्यात १,०८९ चौरस फूट म्हणजे सुमारे १०९ रोपे, आणि एकरात सुमारे ४,३५६. म्हणजे रोपामागे दर एक रुपया वाढला की एकरी ४,३५६ रुपये वाढले. दोन रुपये म्हणजे ८,७१२. दिव्याच्या रंगासाठी एवढे मोजण्याआधी तेवढ्या रकमेत शेणखत किती येते, माती परीक्षण किती वेळा होते, ठिबकची गाळणी दुरुस्त होते का, याचा विचार घरात बसून करावा. कारभारणीला विचारून करावा, ती हिशेबात आपल्यापेक्षा पक्की असते.

शिवाय टिश्यूचे रोप एकरभर गाळपाच्या उसासाठी लावणे हेच मुळी परवडणारे नाही. ते बेण्यासाठी आहे. दहा गुंठे लावा, सुमारे १,०९० रोपे पुरतात. त्याचा बेणेमळा करा, चांगला राखा, भेसळ आणि रोगट बेटे उपटून काढा. एक एकर चांगल्या बेणेमळ्यातून साधारण आठ-दहा एकर लागण होते. मूलभूत, पायाभूत, प्रमाणित ही त्रिस्तरीय बेण्याची शिडी यासाठीच आहे. वरची पायरी महाग, पण ती थोडीच लागते. खालच्या पायऱ्यांवर खर्च वाटला जातो. जो विक्रेता पाच-पाच एकराला टिश्यू रोप घ्या म्हणतो, तो तुम्हाला शिडीच्या वरच्या पायरीवरच बसवून ठेवू पाहतो.

काही सभासद म्हणतील, तुम्हा मंडळींना नव्याचे वावडे आहे. तसे नाही. जळगावकडे टिश्यूची केळी आली तेव्हाही पुष्कळांनी नाके मुरडली होती. आज तिथे ग्रँड नैन केळीची टिश्यू रोपे आणि ठिबक यांनी शेतीचे रूप बदललेले आपण पाहतो. तिथे जे यश आले ते एकसारख्या, निरोगी रोपांचे आणि पाण्या-खताच्या शिस्तीचे. आपण आपल्या पुरते तेवढेच शिकावे. एलईडी दिवे प्रयोगशाळांनी जरूर बसवावेत. ते चांगलेच आहेत. किंबहुना आमचे म्हणणे असे की, कारखान्याच्या किंवा सहकारी क्षेत्रातल्या ज्या प्रयोगशाळा अजून ट्यूबवर चालतात त्यांनी विजेचा हिशेब मांडून बदल करावा.

तो करतानाही एक व्यवहार पाहावा. नुसत्या लाल-निळ्या उजेडात हिरवे पान काळपट दिसते. बाटलीत बुरशी लागली, पान पिवळे पडले, तर काम करणाऱ्या मुलींच्या डोळ्याला ते चटकन समजत नाही आणि आठ तास त्या उजेडात डोळेही शिणतात. म्हणून पांढऱ्या एलईडीत तांबड्याची जोड देणारे दिवेही निघाले आहेत. दिवा रोपाला मानवला पाहिजे, तसा तो काम करणाऱ्या माणसालाही मानवला पाहिजे.

मग सभासदाने काय करावे? टिश्यूचे रोप घेण्याआधी पाच प्रश्न विचारावेत. पहिला, मूळ ऊस कोठला आणि त्या जातीची शुद्धता कोणी तपासली? दुसरा, विषाणू तपासणी झाली का, अहवाल कोठे आहे? केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २००६ पासून ऊतीसंवर्धित रोपांच्या प्रमाणीकरणाची राष्ट्रीय पद्धत सुरू केलेली आहे, त्याखाली ही प्रयोगशाळा आणि ही खेप येते का? तिसरा, एका कोंबापासून किती फेऱ्या वाढवून ही रोपे केली? चौथा, बाटलीबाहेर काढून किती आठवडे झाले? पाचवा, पावतीवर जात, खेप क्रमांक आणि तारीख लिहून देता का? या पाचांची उत्तरे लेखी मिळाली तर दिवा लाल असो, निळा असो, नाहीतर आपला घरचा कंदील असो, काही बिघडत नाही. उत्तरे मिळाली नाहीत तर दिवा कितीही झगमगीत असला तरी पावती फाडू नये.

कारखान्याच्या शेतकी विभागाकडेही आमची एक मागणी आहे. येत्या लागणीत बेणेमळ्याच्या कोपऱ्यात दोन वाफे धरावेत. जात एक, मूळ कोंब एक, लागणीचा दिवस एक, पाणी-खत एक. एका वाफ्यात ट्यूबखाली वाढलेली रोपे, दुसऱ्यात एलईडीखाली वाढलेली. किती जगली, तीन महिन्यांनी बेटाला फुटवे किती, तोडणीला गाळपयोग्य ऊस किती आणि वजन किती, एवढे चार आकडे मोजून याच पत्रिकेत छापावेत. फरक दिसला तर आम्ही आमचे मत येथेच जाहीरपणे मागे घेऊ. नाही दिसला तर कोणा विक्रेत्याच्या पत्रकापेक्षा आपल्याच रानातला आकडा सभासदाच्या हाती राहील. यास खर्च फार नाही. लागते ती फक्त मोजण्याची शिस्त आणि ते छापण्याचे धैर्य.

हे सांगताना एका गोष्टीचा विसर पडू नये. ऊस उत्पादक सभासदांच्या पैशातूनच १९७५ साली डेक्कन शुगर इन्स्टिट्यूट उभे राहिले. मांजरीच्या त्या संस्थेस आज आपण वसंतदादांच्या नावाने ओळखतो, आणि तिथे उसाची टिश्यू रोपे तयार होतात. पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र तर १९३२ सालापासून आपल्यासाठी काम करीत आहे. स्वतःची विहीर असताना पाण्यासाठी दुसऱ्याच्या दारात घागर घेऊन उभे राहणे शहाणपणाचे नव्हे. शंका आली की आधी गट ऑफिसात या, मग पाडेगावला किंवा मांजरीला विचारू. विक्रेता दारात आहे म्हणून आजच्या आज निर्णय घ्यावा, असे उसाच्या पिकात काहीही नसते.

शेवटी त्या मानपाड्याचीच गोष्ट. नाव एक होते, ठिकाणे दोन होती आणि आम्ही न विचारता रिक्षात बसलो, म्हणून भाडे दुप्पट पडले. 'एलईडीखालचे टिश्यू रोप' हेही असेच एक नाव आहे. त्या नावाखाली तपासलेले, शुद्ध, निरोगी बेणे येऊ शकते आणि त्याच नावाखाली नुसत्या रंगीत उजेडाची जाहिरातही येऊ शकते. बसण्याआधी कोणता मानपाडा ते विचारा. आमची चूक शंभर-दोनशे रुपयांत भागली. बेण्याची चूक लागण आणि खोडवे मिळून तीन-चार वर्षे भागत नाही.